घंटा वाजल्याशिवाय

आमच्या घरात कुत्रा आला तेव्हा मी विरोधात होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण हल्ली मला त्याला घेऊन फिरताना जे पाहतात ते "काका, तुम्हाला कुत्र्यांची भारीच आवड" असं म्हणून पुढे जातात आणि दर वेळी त्यांना थांबवून खुलासा करणं मला जमत नाही. आवड वगैरे काही नव्हती. माझा जन्म कसब्यातला. आमच्या दोन खोल्यांत आम्ही एवढी भावंडं होतो की पाळीव प्राणी म्हणून वडिलांना आम्हीच पुरत होतो.

कुत्रा आणला मुलीने. ती तेव्हा कॉलेजात होती. मी खडकीच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि आम्ही क्वार्टर सोडून खडकवासल्याच्या रस्त्याला फ्लॅट घेतला होता. नव्या घराचा रंगाचा वास अजून गेला नव्हता तेवढ्यात एका संध्याकाळी मुलीच्या सॅकमधून वह्यांऐवजी एक तांबूस गाठोडं निघालं. एक कान उभा, एक पडलेला, आणि दोन्हींच्या मध्ये अत्यंत गरीब चेहरा. "बाबा, पार्किंगमध्ये एकटाच होता. फक्त दोन दिवस ठेवू या, प्लीज." ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. मुलगी मात्र शिकली, नोकरीला लागली, लग्न करून बंगळूरला गेली. मुलांनी कुत्रा आणायचा आणि आईबापांनी तो म्हातारा करायचा, अशी ही नवी पद्धत आहे.

त्या संध्याकाळी बायको काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की ठराव मंजूर झाला, असं आमच्याकडे समजतात. हरलेल्या माणसाने निदान अटी तरी घालाव्यात म्हणून मी दोन घातल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, तिथे देव आहेत. आणि देवाला नैवेद्य दाखवून घंटा वाजेपर्यंत जेवायचं नाही. "या घरात देवाच्या आधी कोणी तोंड उष्टं करत नाही," मी म्हणालो, "माणूस असो नाहीतर कुत्रा." मला वाटलं, एवढं ऐकून मुलगी चिडेल आणि पिल्लू होतं तिथे नेऊन सोडेल. ती म्हणाली, "ओके बाबा." आणि तिने त्याला ते खरंच शिकवलं.

शिकवण्यात विशेष काही नव्हतं. हॉलमध्ये सोफ्यामागे त्याची जागा, स्वयंपाकघराकडे पाठ करून. तिथे त्याचं वाडगं भरून ठेवायचं, मुलीने त्याच्या छातीवर हात धरायचा, आत घंटा वाजली की हात काढायचा. थोड्याच दिवसांत हाताची गरज उरली नाही. दहीभात नाकासमोर, लाळेची तार फरशीपर्यंत, आणि हा ताठ बसलेला. आत मी पाण्याचं मंडल काढतोय, तुळशीचं पान ठेवतोय, "प्राणाय स्वाहा" म्हणतोय. घंटा वाजली की मगच बाहेरून वाडगं फरशीवर सरकल्याचा आवाज यायचा. संध्याकाळी दिवा लावतानाही तेच.

आता माझी काही मतं आहेत आणि ती मी कोणी मागण्याची वाट बघत नाही. देवाला भूक लागते असं मी मानत नाही. देवावर विश्वास किती, असं कोणी विचारलं तर सासुरवाडीच्या माणसांवर असतो तितका, असं समजावं. भांडण नाही, येणंजाणं आहे. पण भूक लागलेली असताना, पुढ्यात अन्न आलेलं असताना, माणसाला क्षणभर थांबता आलं पाहिजे. थांबता येणं म्हणजे संस्कृती, बाकीची सगळी रोषणाई. हे वाक्य मी घरात इतक्यांदा बोललोय की मुलगी लहानपणी त्याची नक्कल करायची. नक्कल उत्तम करायची आणि खोलीचं दार लावून वेफर्सही खायची. जावई गुणी मुलगा आहे, पण तो घंटेच्या आधी, घंटेच्या वेळी आणि घंटेनंतर असा सलग खातो. खुद्द बायको नैवेद्याच्या आधी आमटीची चव बघते आणि वर "हे खाणं नव्हे, तपासणी" असं सांगते. एवढ्या वर्षांत माझा नियम विनातक्रार पाळणारा एकच निघाला. आपल्या संस्कारांचा वारस चार पायांचा आहे, हे पचवायला मला थोडा वेळ लागला. पण एकदा पचल्यावर मी ते घरी येईल त्याला सांगू लागलो आणि दुपारी कोणी आलेलं असेल तर मुद्दाम घंटा जरा उशिरा वाजवू लागलो.

त्याचं नाव मुलीने काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. सुरुवातीला रागाने मी त्याला "आपण" म्हणत असे. "आपण जरा उठता का? सोफा आमच्यासाठीही आहे." पुण्यात एखाद्याला आपण म्हणणं म्हणजे त्याला दाराबाहेर उभं करणं, हे त्याला कळत नसावं. तो शेपटी हलवायचा. मग राग गेला आणि आपण राहिलं. आता बागेत लोक वळून बघतात.

त्याच बागेत मला हल्लीचं कुत्रेप्रेमही बघायला मिळतं. कुत्र्यांना स्वेटर असतात, बूट असतात. एकाचा वाढदिवस झाला, केक कापला, टाळ्या वाजवल्या. कुत्रा टेबलाखाली लपून बसला होता. एक बाई तर आपल्या कुत्रीला बाबागाडीत बसवून फिरायला नेतात. चार पाय दिलेत देवाने, आपल्याला दोन, आणि ढकलायचं आपण. मी एकदा विचारलं, "हिला बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही काका, शी लाइक्स इट." आवडतं म्हणून बसवलं, संपलं. मी आमच्या कुत्र्याकडे बघितलं. त्याने नजर वळवली. आम्हा दोघांचं या बाबतीत एकमत होतं.

मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला जायचं ठरलं तेव्हा त्याला बाणेरकडच्या एका कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाचा फोन. "सर, तुमचा डॉग काहीच खात नाहीये. चिकन दिलं तरी बघत बसतो." चिकनचं ऐकून बायकोने कपाळाला हात लावला, पण फोन तिनेच घेतला. "घंटा वाजवा," ती म्हणाली. तो माणूस म्हणाला, "मॅडम?" मग बायको मुलीच्या देवघरातली घंटा घेऊन आली, तिकडे त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि हिने इकडून वाजवली. पाठोपाठ फोनमधून वाडगं सरकल्याचा आवाज आला. मुक्काम संपेपर्यंत आम्ही बंगळूरहून पुण्याला रोज दोन वेळा घंटा पाठवत होतो. मला तेव्हा जो अभिमान वाटला तो मुलीच्या पदवीदान समारंभातही वाटला नव्हता. हे मुलीलाही माहीत आहे.

मग दिवस जायचे ते गेले. त्याचं तोंड पांढरं झालं, माझं डोकं. त्याला जिना चढवेना, मला चढवत होता पण मधल्या मजल्यावर मी नोटीस बोर्ड वाचायला थांबू लागलो. म्हातारपणाबद्दलही माझं एक मत आहे. ते आपल्याला कधी येत नाही, आजूबाजूच्यांना येतं. लोक एकदम अस्पष्ट बोलू लागतात. बातम्या देणाऱ्या मुली पुटपुटतात. बायको, जिचा आवाज एके काळी क्वार्टरच्या चौथ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्याला थांबवत असे, ती आता स्वयंपाकघरातून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणते आणि मी "काय?" विचारलं की चिडते. मुलीने मागच्या खेपेला कानात घालायचं यंत्र आणलं होतं. मी तिचे आभार मानले आणि ते कपाटात व्यवस्थित ठेवलं. दोष बोलणाऱ्यांचा आणि यंत्र ऐकणाऱ्याला, हा न्याय मला पटत नाही.

कुत्राही हाक मारली की येईनासा झाला होता. आम्ही मनावर घेतलं नाही. पुण्यात वाढलेला कुत्रा, पहिल्या हाकेला उठला असता तरच आश्चर्य.

गणपतीत तो चांगला जेवला. घर भरलेलं होतं, टाळ, टाळ्या, आरत्या. उकडीचा मोदकसुद्धा त्याने संपवला. गणपती गेले, पाहुणे गेले आणि तो वाडग्यासमोर बसून राहू लागला. नैवेद्य झाला, घंटा झाली, आम्ही जेवलो, पानं उचलली, तरी हा तसाच बसलेला. दहीभात वाळायचा. कधी खायचा, कधी नाही. बायकोने घंटा वाजवली त्या दिवशी बहुतेक खायचा, मी वाजवली तर नाही. "माझ्या हातचं गोड लागतं त्याला," ती म्हणाली. मला ते लागलं. इतकी वर्षं फिरवायला मी नेतो, पावसात छत्री त्याच्यावर धरतो, आणि माझ्या घंटेला हा बधत नाही? तसं बघितलं तर ती घंटा वाजवते ती साऱ्या सोसायटीला नैवेद्य दाखवल्यासारखी. मी हळू वाजवतो. देव हातभर अंतरावर आहेत.

नवरात्र लागलं तसं त्याने तिच्या घंटेलाही खाणं सोडलं. घरी येणाऱ्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, उपास करतोय तो." बायको हसली नाही. पाणी प्यायचा, थोडं दूध कधी तोंडाला लागलं तर चाटायचा, बस. बरगड्या दिसू लागल्या. भात गरम करून दिला, पोळी तुपात कुस्करून दिली, डॉक्टरांकडून आणलेलं ते कोरडं महागडं खाणं दिलं. हातात घास घेऊन तोंडाशी धरला तर तो मान वळवायचा. गुरगुरायचा नाही. ज्याचं जेवण झालेलं नाही पण यजमानाला अडचणीत आणायचं नाही अशा पाहुण्यासारखा मान वळवायचा आणि पुन्हा वाडग्यासमोर ताठ बसायचा.

जनावरांची डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहून लहान मुलगी. तिने रक्त तपासलं, पोट दाबलं, दात बघितले. मग मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून मला म्हणाली, "काका, तसं काही सापडत नाहीये. वय आहे त्याचं. कधी कधी ते असं खाणं सोडतात." मी म्हणालो, मला ऐकू येतं. ती आणखी मोठ्याने म्हणाली, "हो काका." तिने सलाइन लावलं आणि त्यासाठी दर दोन दिवसांनी आणायला सांगितलं. निघताना बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण बायकोचा चेहरा मला वाचता येतो. रिक्षात मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघा म्हणाली. नाहीच खाल्लं तर मग त्याचे हाल करू नका म्हणाली." आमच्या दोघांच्या मधे तो बसला होता, डोकं माझ्या मांडीवर. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि पुढे सारा रस्ता तो खड्डे चुकवत चालला.

मला काय करावं ते कळेना. मी आयुष्यभर कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलाशी बसलेला माणूस. माझ्यासमोर अडचण आली की कागद, पट्टी, पेन्सिल, आणि कुठेतरी चुकलेली रेघ सापडते. इथे रेघच सापडेना. दिवसातून दोन वेळा मी आत घंटा वाजवायचो, बाहेर यायचो, आणि तो माझ्याकडे बघायचा. त्या बघण्यात तक्रार असती तर बरं झालं असतं. तो फक्त वाट बघत होता. कशाची, ते मला समजत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

दिवाळी आली. दर दिवाळीला त्याचा एक ठरलेला कार्यक्रम असे. पहिला फटाका वाजला की हा बाथरूममध्ये बादलीमागे, आणि भाऊबीज होईपर्यंत आम्ही आंघोळ त्याच्या परवानगीने करायचो. या दिवाळीत तो हॉलमध्येच पडून होता. लक्ष्मीपूजन झालं, बायको आकाशकंदिलाची वायर नीट करत होती, मी सोफ्यावर बसून अनारसा खात होतो. कुत्रा माझ्या पायाशी शांत झोपलेला. मला फार समाधान वाटलं. मी म्हणालो, "बघ, लोक सुधारले. या वर्षी फटाके नाहीत."

बायको वायर हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मग कुत्र्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. ती काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मग ती जवळ आली, माझा हात धरून मला उठवलं, गॅलरीत नेलं आणि माझा तळहात काचेच्या सरकत्या दारावर ठेवला. काच थरथरत होती. खाली मुलं माळेवर माळ लावत होती, धुराने पार्किंग दिसत नव्हतं.

"अहो," ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "त्याला ऐकू येत नाहीये."

तो उपाशी का होता ते तेव्हा समजलं. घंटा वाजल्याशिवाय जेवायचं नाही, आणि त्याच्या लेखी गणपती गेल्यापासून या घरात घंटा नीट वाजलेलीच नव्हती. आम्ही म्हातारा-म्हातारी रोज डोळ्यांदेखत आधी जेवत होतो, देवाला विसरलो होतो, आणि तो एकटा नियम सांभाळून बसला होता.

मला वाटलं, आता काय, चूक सापडली, दुरुस्त करू. दुसऱ्या दिवशी मी घंटा बाहेर आणली आणि त्याच्यासमोर वाजवली. त्याने घंटेकडे कुतूहलाने बघितलं. बघणारच. त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. देव स्वयंपाकघरात, त्याला तिथे मज्जाव, त्याची पाठ तिकडे. घंटा म्हणजे त्याला एक आवाज ठाऊक. हे पितळेचं काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मी कानाशी नेऊन वाजवली. ताट बडवलं. मुलगी व्हिडिओवर होती, ती म्हणाली, "बाबा, त्याला किचनमध्ये न्या ना, पूजा दाखवा, ही विल कनेक्ट." तेही केलं. पट्टा धरून त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. उंबऱ्याच्या जागी काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी आहे. तिथवर तो आला आणि बसला. मी ओढलं. त्याने पुढचे दोन्ही पाय रोवले. पट्टीच्या पुढे त्याचं नखही आलं नाही. अंगात ताकद नव्हती तरी मला ओढवेना.

मग मी खाली बसलो. माझ्या गुडघ्यांना खाली बसणं म्हणजे परतीचं तिकीट न काढता जाणं आहे, पण बसलो. वाडगं पुढे सरकवलं आणि म्हणालो, "आपल्याला माफ आहे. नियम रद्द. मीच केला होता, मीच रद्द करतो. जेवा." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी आणखी मोठ्याने म्हणालो. त्या डॉक्टर मुलीसारखा एकेक शब्द सुटा करून म्हणालो. नियम घालताना एक वाक्य पुरलं होतं. काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शब्द त्याला पोचत नव्हते, आणि शब्दांशिवाय मला दुसरं काही येत नाही. मी कुत्र्यासमोर फरशीवर बसून रडलो. फोन अजून चालू होता, मुलीने तो तिकडून हळूच बंद केला असावा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. कशासाठी ते कोणी बोललं नाही. भाऊबीजेला नैवेद्य बायकोने दाखवला, माझ्याने होईना. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो, तो सोफ्यामागे वाडग्यासमोर होता. आता बसण्याचंही त्राण नव्हतं, पुढच्या पायांवर डोकं टेकलेलं. बायको आतून बाहेर आली. हातात देवाची घंटा, माझ्या आईची, वर गरुड असलेली, गंध-अक्षता तशाच लागलेल्या. ती कशीबशी खाली बसली, घंटेचा काठ तिने त्याच्या दोन कानांच्या मधे, कपाळावर टेकवला आणि वाजवली.

"अगं, देवाची घंटा ती," माझ्या तोंडून निघून गेलं. "कुत्र्याला लावतेस?"

"देवाला ऐकू येतं," ती म्हणाली. हे मला स्वच्छ ऐकू आलं. "ज्याला येत नाही त्याच्यासाठी वाजवतेय."

त्याने डोळे उघडले. तिने पुन्हा वाजवली, काठ न उचलता. त्याचा उभा कान हलला. मग शेपटीचं टोक फरशीवर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. तो उठला. उठताना मागचे पाय घसरले, बायकोने पोटाखाली हात घातला. त्याने तिच्याकडे बघितलं, खात्री करून घेतली, आणि वाडग्यात तोंड घातलं. वाडगं फरशीवर सरकत भिंतीपर्यंत गेलं. मला आवाज आला नाही, पण सरकताना दिसलं. मी पेपर तोंडासमोर धरला. बायकोने तो खाली ओढला आणि म्हणाली, "बघा की. लपताय कशाला?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, पण सलाइनची सुई काढायला. ती म्हणाली, किती दिवस मिळतील सांगता येणार नाही, वय तर आहेच. मी म्हणालो, ते आम्हालाही आहे. तेव्हापासून रोज दोन वेळा घंटा आधी देवापुढे वाजते आणि मग बाहेर येऊन त्याच्या कपाळावर. सोवळ्या-ओवळ्याच्या माझ्या मतांचं काय झालं, असं मुलीने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. कमी ऐकू येण्याचा एवढा एक उपयोग आहे.

पण मनात येतं ते येतंच. या घरात आता तिघं म्हातारे आहेत, आणि धड ऐकू येणारी ती एकटी. आधी तो जाईल, बहुधा मग मी. ती दुपारी नैवेद्य दाखवून घंटा घेऊन हॉलमध्ये येईल तेव्हा ती कोणाला लावेल, या विचाराने मला भीती वाटते. यावर माझं काही मत नाही. यंत्र अजून कपाटात आहे. ते लावलं म्हणून हे टळणार नाही, पण ती हाक मारते ती वाया जाते, हे मला आता कळतं.

परवा दुपारी मी गॅलरीत खुर्चीवर होतो. ऊन पायांवर आलं होतं, पेपर मांडीवर, डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. तिने हाका मारल्या असतील, नेहमीसारख्या. अचानक कानशिलाला काहीतरी गार लागलं, आणि डोक्याच्या हाडांतून, दातांतून, एक बारीक गुणगुण उतरत गेली. आवाज नव्हता तो. आईच्या हातात ही घंटा असताना मी शेजारी उभा राहायचो, तेव्हा जे वाटायचं तेच होतं.

डोळे उघडले. ती घंटा धरून उभी होती. हसत नव्हती. तिच्यामागे तो, तोंडाला दहीभात लागलेला, शेपटी हलवत माझ्याकडे बघत होता. त्याचं जेवण झालं होतं.

मी हात धुऊन पानावर जाऊन बसलो.